१२ जणांचा ग्रीसचा ग्रुप: ठिकाणं कापा, मुक्काम वाढवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकचा वाचक ग्रुप आहे, १२ जण, वयं ४८ ते ७४, निम्म्याहून जास्त शाकाहारी, २०२७ च्या एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला १० रात्री ग्रीसला जायचंय आणि यादीत अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया, मायसिनी, मेटेओरा, क्रीट, सँटोरिनी, मिकोनोस आणि जमलं तर ऱ्होड्स. हे सगळं कुठल्या क्रमाने बसवायचं आणि टूर कंपनीकडून जायचं की आपलं आपण, असं विचारलंय.

मी पुण्यातून ८ ते १४ जणांचे ग्रुप घेऊन जाते, सगळ्यात जास्त वेळा ग्रीसलाच, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते. क्रमाचं नंतर बघू. तुमची खरी अडचण अशी आहे की ९ ठिकाणं आणि १० रात्री आहेत, आणि ती कशीही लावलीत तरी बसत नाहीत. ओढूनताणून बसवाल, पण मग परत आल्यावर लोकांच्या लक्षात विमानतळ, बोटीचा धक्का आणि हॉटेलचं रिसेप्शन राहील.

एकटा माणूस सकाळी बॅग उचलून वीस मिनिटांत हॉटेल सोडतो. १२ जणांचं तसं होत नाही हो. नाश्ता व्हायचाय, कोणाची सकाळची गोळी राहिलीय, चार्जर खोलीतच विसरलाय, लिफ्ट एकच आणि तिच्यात एक माणूस नि दोन बॅगा एवढीच जागा, सगळे बसमध्ये बसले की मग कोणाला तरी परत बाथरूमला जायचंय. यात कोणाचीच चूक नसते, मोठ्या वयाच्या मंडळींचा हा वेग असतोच आणि तो धरूनच प्लॅन करायला हवा. माझा हिशोब साधा आहे: मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला, आणि बेटावर जायचं असेल तर अख्खा दिवस गेला. तुमच्या यादीत चार बेटं आहेत. म्हणजे १० पैकी चार दिवस इथेच संपले.

आता यात तुमच्यावर अवलंबून काय आहे ते आधी सांगते, कारण ते मला माहीत नाही. तुमच्यातल्या पाच-सहा जणांच्या मनात ग्रीस म्हणजे निळ्या घुमटांची पांढरी घरं आणि समुद्र असं असेल, तर खालचं सगळं वाचून त्यांना वाईट वाटेल, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. तसं असेल तर अथेन्स आणि एक बेट असा सुट्टीचा प्लॅन करा आणि खुशाल मजा करा. पण तुम्ही 'वाचक ग्रुप' म्हटलंय, 'इतिहास आणि संस्कृती बघायची' म्हटलंय, म्हणून मी तसं धरून चालते. बुकिंगच्या आधी एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, 'कुठली एक गोष्ट बघितली नाही तर गेल्यासारखं वाटणार नाही?' प्रत्येकाची एकच, दोन नाहीत. मी हे दरवेळी करते, आणि १२ जणांची मिळून चार-पाचच उत्तरं निघतात. यादी तिथेच अर्धी होते आणि कोणावर लादल्यासारखंही होत नाही.

तारखांचं मात्र लगेच बघा, कारण २०२७ मध्ये ग्रीसचा ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मेला आहे. आपल्या कॅलेंडरवर जो ईस्टर छापलेला असतो तो नाही, यांचा वेगळा असतो आणि तो तिथला सगळ्यात मोठा सण, दिवाळीसारखा, सगळे गावी जातात. म्हणजे ३० एप्रिलला गुड फ्रायडे, तेव्हा पुरातत्त्व साइट्स सकाळी बंद असतात, ईस्टरच्या रविवारी पूर्ण बंद, एरवी १ मेलाही बंद असतात. तुमच्या १० दिवसांतले तीन दिवस बरोबर यात सापडतायत. हॉटेलं ग्रीक कुटुंबांनीच भरलेली, बसचे ड्रायव्हर सुट्टीवर.

दोन मार्ग आहेत. एक, ५ मेनंतर जा, हवा छान असते, ऊन अजून टोचत नाही, सोपं काम. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो पण त्याला सात-आठ महिने आधी बुकिंग लागतं: ते तीन दिवस साइट्सचा नाद सोडून एखाद्या छोट्या गावात राहायचं आणि सण बघायचा. गुड फ्रायडेच्या रात्री प्रत्येक चर्चमधून फुलांनी मढवलेला 'एपिटाफिओस' निघतो, ख्रिस्ताच्या शवपेटीचं प्रतीक, लोक मेणबत्त्या घेऊन त्याच्या मागून गल्लीगल्लीतून चालतात. आपल्याकडे पालखी बघितलेल्या माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात, मग एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत सगळं पटांगण उजळतं आणि 'ख्रिस्तोस आनेस्ती', म्हणजे 'ख्रिस्त पुन्हा उठला', हे भजन सुरू होतं. लोक ती ज्योत हाताच्या आडोशाने सांभाळत घरी नेतात आणि दाराच्या चौकटीवर तिच्या काजळीने क्रॉस काढतात. माझ्या एका ग्रुपमधल्या आजी रात्री बारा वाजता अशी मेणबत्ती धरून हॉटेलपर्यंत चालत आल्या, वाऱ्याने दोनदा विझली, दोन्ही वेळा रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनी थांबून आपल्या ज्योतीवरून लावून दिली. संस्कृती बघायला जातोय म्हणतो ना आपण, ती ही. यासाठी तीन दिवस साइट्स राहिल्या तर राहू देत. पण हे तुमच्या ग्रुपला झेपेल का, रात्री जागणं, गर्दी, दुसऱ्या दिवशी गावात सगळं बंद, ते तुम्हीच ठरवा.

आता मार्ग. मी तुमच्या जागी असते तर क्रीट, सँटोरिनी, मिकोनोस, ऱ्होड्स आणि ऑलिंपिया, पाचही काढले असते. ऑलिंपिया काढताना मला स्वतःला त्रास होतो, पण नकाशावर ते पश्चिमेला एका कडेला आहे आणि १० रात्रींत ते घेतलं की बाकी सगळं घाईत जातं. क्रीट काढा म्हणते याचं कारण ते कमी महत्त्वाचं आहे असं नाही, उलट आहे. अडीचशे किलोमीटरहून लांब बेट आहे ते, क्नोसोसचा राजवाडा, हेराक्लिओनचं म्युझियम, पश्चिमेला हानियाचं जुनं बंदर, त्याला स्वतंत्र आठ दिवस द्यायला हवेत. दोन दिवसांत क्रीट म्हणजे दोन दिवसांत कोकण.

उरलं ते असं लावते: अथेन्सला ३ रात्री, मायसिनीजवळच्या नाफ्प्लिओ गावात २, डेल्फीला १, मेटेओराच्या पायथ्याशी कलंबाकाला २, आणि शेवटी परत अथेन्सला २. समुद्र आणि बोट हवीच असेल तर अथेन्सच्या पिरेअस बंदरातून एजिना बेटावर दिवसभरात जाऊन येता येतं, साधी फेरी सव्वा तासाच्या आसपास घेते, वर अफाया देवीचं डोरिक शैलीचं मंदिर आहे, गाव पिस्त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि बॅगा हॉटेलातच राहतात. बेट बघितल्याचं समाधानही मिळतं आणि मुक्कामही हलत नाही.

शेवटच्या दोन रात्री अथेन्सला का, याची दोन कारणं. एक सुरक्षेचं, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी १२ जणांनी कधीही लांब असू नये, ग्रीसमध्ये संप होतात, बोटी वाऱ्याने रद्द होतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मायसिनीच्या थडग्यांतलं सोनं, तो प्रसिद्ध 'अ‍ॅगामेम्नॉनचा मुखवटा' धरून, अथेन्सच्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियममध्ये आहे. बहुतेक टूर्स पहिल्या दिवशी ते म्युझियम उरकतात, तेव्हा लोक जेटलॅगमध्ये असतात आणि काचेमागचं सोनं हे नुसतं सोनं दिसतं. मी आधी मायसिनीला नेते. सिंहद्वारातून आत गेल्यावर उजवीकडे दगडांचं ते गोल वर्तुळ दिसतं, तिथेच १८७६ मध्ये श्लीमान या जर्मन उत्खनकाला ती थडगी सापडली, जवळच्या अत्रेयसच्या थडग्यात उभं राहून दारावरचा सुमारे १२० टनांचा एकच एक दगड बघायचा, आणि मग पाच-सहा दिवसांनी अथेन्सला येऊन तो मुखवटा. तेव्हा लोक काचेपाशी थांबतात, एकमेकांना 'अगं ते गोल होतं ना, तिथलं हे' असं सांगतात. गाइडला बोलायला लागत नाही.

डेल्फीबद्दल जरा जास्त लिहिते. अथेन्सपासून साधारण १८० किलोमीटर, त्यामुळे सगळे ते एका दिवसात जाऊन येऊन करतात. सकाळी निघालेल्या बसेस अकराच्या सुमाराला तिथे पोचतात आणि तीन-चारला परत फिरतात, मधल्या वेळात त्या चढाच्या वाटेवर नुसती रांग असते. तुम्ही तिथे रात्र काढलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दार उघडताना तुमचे १२ जण सोडून फारसं कोणी नसतं. खाली ऑलिव्हच्या झाडांची दरी समुद्रापर्यंत गेलेली, वर पर्नासस डोंगराचे कडे, आणि जिथे सगळा ग्रीस कौल घ्यायला यायचा त्या अपोलोच्या मंदिराचे उभे असलेले मोजके खांब. आपल्याकडे देवाला कौल लावतात ते माहीत असलेल्या माणसाला तिथे काय चालायचं ते पटकन कळतं.

आणि तिथलं म्युझियम. शेवटच्या दालनात एक ब्राँझचा सारथी एकटा उभा आहे, साधारण माणसाएवढा, १.८ मीटर, इसवी सनपूर्व ४७५ च्या आसपासचा. रथ गेला, घोडे गेले, त्यांचे थोडे तुकडे उरलेत. हा वाचला कारण इसवी सनपूर्व ३७३ च्या भूकंपात दरड कोसळून त्याखाली गाडला गेला, नाहीतर त्या काळचे बहुतेक ब्राँझचे पुतळे पुढे वितळवून टाकले गेले. मोठ्या टूरमध्ये इथे चार-पाच मिनिटं मिळतात. माझ्या एका ग्रुपमध्ये आयुष्यभर शिवणकाम केलेल्या एक ताई होत्या, इतिहास वगैरे आपल्याला कळत नाही असं त्या पहिल्या दिवसापासून म्हणायच्या. त्या सारथ्याच्या मागे गेल्या आणि म्हणाल्या, 'ही दोरी बघा, खांद्यावरून काखेतून फिरवून बांधलीय, रथ पळताना अंगरखा वाऱ्याने फुगू नये म्हणून. आणि चुण्या बघा कंबरेखाली किती सरळ पडल्यात आणि वर दोरीपाशी कशा गोळा झाल्यात. ज्याने हे केलं त्याने कापड हातात घेऊन बघितलेलं असणार.' मग सगळे जवळ जाऊन बघायला लागले, कोणाला तांब्याच्या बारीक पापण्या दिसल्या, कोणाला अनवाणी पावलांवरच्या शिरा, ज्या रथात उभं असताना कोणालाच दिसल्या नसत्या. आम्ही तिथे पंचवीस मिनिटं होतो. आमची गाइड बाजूला उभी राहून ऐकत होती, तिला भाषा कळत नव्हती पण विषय कळत होता. छोट्या ग्रुपचा फायदा म्हणतात तो हा, आणि तो फक्त तेव्हाच मिळतो जेव्हा बाहेर बस हॉर्न वाजवत नसते.

नाफ्प्लिओहून डेल्फीला जाताना वाटेत होसिओस लुकासचा मठ घ्या, अकराव्या शतकातली सोनेरी पार्श्वभूमीची मोझेक आहेत, युनेस्कोच्या यादीत आहे तरी शांत असतो. ग्रीस म्हणजे फक्त खांब आणि देवळं नाहीत, नंतरची हजारेक वर्षं बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन ख्रिस्ती साम्राज्याची आहेत, हे लोकांना पहिल्यांदा इथे जाणवतं, आणि मग पुढे मेटेओरा बघताना ते उपयोगी पडतं.

मेटेओराचं थोडक्यात. उभ्या सुळक्यांवर सहा मठ चालू स्थितीत आहेत, त्यांचे साप्ताहिक सुट्टीचे वार वेगवेगळे. माझ्या सुरुवातीच्या एका ग्रुपच्या वेळी मी हे नीट तपासलं नव्हतं आणि आम्ही पोचलो तो नेमका ग्रेट मेटेओरॉनचा बंद दिवस निघाला, एक काका फक्त त्यासाठी आले होते, ते काही बोलले नाहीत पण मला अजून ते आठवतं. तेव्हापासून मी तिथे दोन रात्रींशिवाय जात नाही. ग्रेट मेटेओरॉनला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी सेंट स्टीफन, तिथे छोट्या पुलावरून सरळ आत जाता येतं. बायकांना पँट चालत नाही, वरून गुंडाळायला तिथे कापड देतात, पण आपली एखादी ओढणी किंवा साधा स्कर्ट बरोबर असलेला बरा. साडीवाल्यांना काहीच प्रश्न नाही.

अक्रोपोलिसला, म्हणजे अथेन्सच्या मधोमध पार्थेनॉन मंदिर आहे त्या टेकडीला, आता वेळेचा स्लॉट असतो, तिकीट ऑनलाइन त्या तासाचंच घ्यावं लागतं, आणि एप्रिल २०२५ पासून ते ३० युरो झालंय. पूर्वी अनेक साइट्सचं मिळून एक कॉम्बो तिकीट असायचं ते बंद झालं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून बजेट करू नका. सकाळी आठचा पहिला स्लॉट घ्या. तिथला संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, पाऊस पडला तर फारच घसरतो, चामड्याच्या तळव्यांचे बूट आणि चपला नकोत. मग परत येऊन आराम, आणि दुपारनंतर पायथ्याचं अक्रोपोलिस म्युझियम. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावलीय, मूळ दगड मधासारखा पिवळसर, आणि मध्ये मध्ये पांढरेफटक प्लास्टरचे तुकडे, ते म्हणजे जे लंडनला आहेत त्यांच्या प्रतिकृती. एकाच घोड्याचं अर्धं अंग पिवळं आणि अर्धं पांढरं असं काही ठिकाणी दिसतं. ती शिल्पं लंडनला नेणाऱ्या ब्रिटिश लॉर्ड एल्गिनने काय नेलं यावर मी वीस मिनिटं बोलायचे, आता बोलत नाही, तिथे नुसतं उभं करते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पाच ठिकाणं वगळा, दिवसाला एकच मोठी गोष्ट आणि तीही सकाळी, जागा आधी आणि म्युझियम नंतर, आणि जिथे बाकीचे जाऊन येऊन करतात तिथे रात्र काढा.

आता कंपनी की आपलं आपण. १२ जणांसाठी मी मधला रस्ता सुचवते. विमान आणि व्हिसा तुम्ही इथून बघा, आणि तिथली बस, गाइड, हॉटेलं एका ग्रीक लोकल एजंटकडून घ्या, तीन जणांकडून कोटेशन मागवून. पूर्ण आपलं आपण करायला १२ हा आकडा अडचणीचा आहे, दोन गाड्या भाड्याने घेतल्या तर डोंगरातून कोण चालवणार, आणि सगळे एकत्र मावतील असं हॉटेलही ऐनवेळी मिळत नाही. उलट रेडीमेड टूरमध्ये तुम्हाला ४० जणांच्या बसमध्ये टाकतील.

खर्चाचं गणित मात्र नीट समजून घ्या. मिनीबस, ड्रायव्हर, गाइड हा ठरलेला खर्च, माणसं किती का असेनात. समजा गाइडचा एक दिवस ३०० युरोला पडला, तर १२ जणांत डोई २५, पण चार जण गळले तर तोच साडेसदतीस. बसचंही तसंच. म्हणून कोटेशन मागताना १२, १० आणि ८ असे तिन्ही आकडे मागा आणि सगळ्यांना आधीच दाखवा. कोणी ऐनवेळी रद्द केलं, किंवा बाराव्या माणसाचा व्हिसाच नाकारला गेला, तर त्याच्या वाट्याचा ठरलेला खर्च कोण उचलणार हे पैसे गोळा करायच्या आधी कागदावर लिहा. मैत्रीत हे बोलायला जड जातं. नंतर बोलायला त्याहून जड जातं, मी दोन चांगले ग्रुप यावरून तुटलेले बघितलेत. सिंगल रूमचा जास्तीचा खर्चही असाच आधी सांगून टाका. आणि तिथे रोजचं पाणी, कॉफी, टिप यासाठी एक कॉमन पर्स ठेवा, एकाने सांभाळायची, रोज रात्री हिशोब वाचून दाखवायचा. हॉटेलात एक सरकारी टॅक्स खोलीमागे रोजचा वेगळा द्यावा लागतो, स्टार जितके जास्त तितका तो जास्त, कोटेशनमध्ये धरलाय का विचारा.

बसच्या बाबतीत आपल्या लोकांना एक गोष्ट पटत नाही ती आधीच सांगते. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला साधारण नऊ तास ड्रायव्हिंग, आणि रात्रीची सलग विश्रांती. गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. 'भाऊ, अर्धा तास अजून चला ना' असं तिथे होत नाही, त्यामुळे संध्याकाळचा जास्तीचा फेरफटका बसने धरू नका. म्हणूनच हॉटेल गावात, चालत जाता येईल असं घ्या. नाफ्प्लिओच्या जुन्या भागात मात्र बस आत जात नाही आणि काही हॉटेलांना लिफ्ट नाही, एक माणूस एक मध्यम बॅग हा नियम तिथे कामाला येतो.

गाइडबद्दल: साइट्स आणि म्युझियममध्ये गाइडिंग फक्त लायसन्स असलेल्या गाइडनेच करायचं असतं. तुमच्यापैकी कोणी प्राध्यापक असेल तरी आत उभं राहून लेक्चर देऊ नका, गाइड आक्षेप घेतात. मी काय करते, आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत पाऊण तास मराठीत सांगते, उद्या काय बघायचंय, कोण कोण आहे, कशाकडे लक्ष द्यायचं. दुसऱ्या दिवशी गाइडचं इंग्लिश अर्धंच कळलं तरी काही अडत नाही. तुमच्या वाचक ग्रुपला हे सहज जमेल, एकेक ठिकाण एकेकाने वाटून घ्या. नाफ्प्लिओजवळच्या एपिडॉरसच्या प्राचीन थिएटरमध्ये, चौथ्या शतकातलं, इसवी सनपूर्व, साधारण १४ हजार माणसं बसतील एवढं, आमच्यातल्या एका सरांनी मधल्या गोल दगडावर उभं राहून साध्या बोलण्याच्या आवाजात एक ओवी म्हटली आणि वरच्या ओळीत बसलेल्या त्यांच्या मिसेसनी दुसरी ओळ म्हणून दाखवली. आदल्या रात्री त्यांनी स्वतःच त्या थिएटरची माहिती दिली होती.

जेवणाची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा कमी करा. ग्रीक चर्चचे उपास वर्षभरात बरेच असतात, ईस्टरच्या आधी तर ४८ दिवस, त्यामुळे तिथे उपासाच्या जेवणाला शब्द आहे, 'निस्तीसिमा', मांस, अंडी, दूध यातलं काही नसलेलं. फासोलाडा म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं सूप, गिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे वाल, होर्ता म्हणजे ऑलिव्ह तेल-लिंबू घातलेल्या उकडलेल्या पालेभाज्या, ब्रियाम म्हणजे भाज्यांचा भाजलेला मेळ. आपल्या ज्येष्ठांना हे बर्गर-पास्तापेक्षा कितीतरी जवळचं वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला कालवं, कोळंबी, माकूल चालतं. म्हणून 'निस्तीसिमा' एवढंच म्हणून थांबू नका, समुद्रातलंही नको असं स्पष्ट सांगा. गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, कधी खिमा घालून करतात कधी नुसत्या भाताच्या, विचारून घ्या. ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात, आपली मंडळी साडेसातला, म्हणजे टॅव्हर्ना रिकामा असतो आणि १२ जणांचं टेबल लगेच मिळतं.

आणखी एक बारीक गोष्ट, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा: तिथे टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकत नाहीत, पाइप अरुंद असतात, शेजारच्या डब्यात टाकायचा.

व्हिसासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान तीन महिने आधी तरी सगळ्यांच्या फाइल्स तयार ठेवा. ग्रुप एकत्र असला तरी प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र आणि निर्णयही स्वतंत्र. मोठ्यांना ९० युरो फी, त्यावर सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आतला. आजच सगळ्यांचे पासपोर्ट बघा, १२ जणांत एकाचा तरी संपत आलेला असतो.

शेवटचं, आणि हे तुम्ही नाशिकचे आहात म्हणून. निघायच्या दोन महिने आधी एका रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून पांडवलेणी चढा. एक तर गुडघ्यांची परीक्षा होते. जो माणूस तो चढ आपल्या वेगाने, मध्ये दोनदा बसून का होईना, चढून उतरला, त्याला अक्रोपोलिस आणि डेल्फी जमतं, आणि ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी आपण आत्ताच वेगळी सोय करू शकतो, तिथे पायथ्याशी उभं राहून नाही. दुसरं म्हणजे वर १७ नंबरच्या लेण्यात थांबा. तिथल्या ब्राह्मी लेखात ते लेणं खोदवणाऱ्याने आपली ओळख दिलीय, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा, यवन. यवन हा शब्द आला तो आयोनियावरून, ग्रीकांच्याच एका प्रदेशाच्या नावावरून. कार्ल्याच्या चैत्यातही यवनांनी दान दिलेले खांब आहेत, आणि कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये तिथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडनचा, ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, छोटा ब्राँझ पुतळा आहे. अथेन्सच्या नॅशनल म्युझियममध्ये समुद्रातून बाहेर काढलेला दोन मीटरहून उंच ब्राँझचा देव हात फैलावून उभा आहे, झ्यूस की पोसायडन यावर अजून वाद आहे. कोल्हापूरचा बघून गेलेला माणूस त्याच्यासमोर वेगळ्या नजरेने उभा राहतो, हे मी स्वतः बघितलंय.

पांडवलेण्याहून उतरल्यावर चहा घेताना ती एकेकाची 'एक गोष्ट' लिहून काढा आणि इथेच टाका, सोबत कोणाला किती पायऱ्या झेपल्या तेही. मग मी दिवसवार मार्ग लावून देते.